पिकअपची मागची खिडकी

टेक्सासात राहणाऱ्या आपल्या मंडळींना पिकअप ट्रकची ओळख करून द्यायला नको. आपल्या दारात नसला तरी शेजाऱ्याच्या दारात तो असतोच. घर बदलायचं असो, जुना सोफा आणायचा असो की अंगणात टाकायला मातीची पोती आणायची असोत, आपण हसतमुखाने त्याच शेजाऱ्याची बेल वाजवतो. मी १९८६ साली इथे आलो तेव्हा मला हे वाहन म्हणजे आपला 'टेम्पो'च वाटला. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने आपल्याला हा शब्द दिला आणि मग मालाची प्रत्येक छोटी गाडी आपल्याकडे टेम्पो झाली!

पुढे मीही एक जुना पिकअप घेतला. केबिनच्या मागच्या भिंतीत, आपल्या मानेच्या बरोबर मागे, त्याला एक सरकती काच होती. एसी थकलेला होता, त्यामुळे उन्हाळ्यात ती काच उघडीच असायची. माझे वडील पहिल्यांदा इथे आले तेव्हा शेजारी बसून थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अरे, गाडी पुढे चालली आहे, मग वारा मागून कसा येतो?" मी इंजिनियर, पण चटकन उत्तर देता आलं नाही. ते उत्तर शोधता शोधता या खिडकीचा इतिहासच हाती लागला. तो इथे मांडतो.

पिकअप जन्माला आला तेव्हा मागच्या खिडकीचा प्रश्नच नव्हता. अमेरिकन शेतकरी आधीपासूनच मोटारीची मागची बाजू काढून टाकून तिथे लाकडी पेटी बसवत असत. हे पाहून हेन्री फोर्डच्या कंपनीने १५ एप्रिल १९२५ रोजी कारखान्यातच तयार केलेला पिकअप बाजारात आणला. मॉडेल टी गाडीला मागे ५६ इंच लांबीचा पोलादी हौदा आणि उघडता येणारा फाळका. किंमत २८१ डॉलर. पहिल्याच वर्षी सुमारे ३४,००० गाड्या खपल्या. डोक्यावर कापडी टप होता. ऊन, वारा, धूळ हे सगळं चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला सारखंच मिळायचं. हौद्यातल्या माणसाने हाक मारली की चालवणाऱ्याला ऐकू येई.

मग केबिन बंद झाली. १९२८ पासून फोर्डच्या मॉडेल ए पिकअपमध्ये बंद केबिन मिळू लागली आणि मागच्या भिंतीत काच आली. चालवणारा आत, बाकीचे बाहेर, अशी विभागणी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, शेव्हर्लेने नवे ट्रक आणले. आमची केबिन 'श्वास घेते', अशी त्यांची जाहिरात असे. बाहेरची ताजी हवा आत घ्यायची, थंडीत ती तापवायची आणि वापरलेली हवा बाहेर ढकलायची, अशी ती योजना होती. केबिन ही बसायची खोली आहे आणि तिच्यात हवा खेळती हवी, हा विचार इथे रुजला.

सरकत्या काचेला वाव मिळाला तो कॅम्परमुळे. १९६० च्या सुमारास हौद्यावर छोटं घरच चढवून भटकायला निघण्याची हौस वाढू लागली. लेखक जॉन स्टाइनबेक १९६० साली अशाच जीएमसी पिकअपमधून, सोबत कुत्रा घेऊन, अमेरिका बघायला निघाला होता. कॅम्परमधल्या मंडळींशी बोलायचं, मुलांवर लक्ष ठेवायचं, तर मागच्या भिंतीतली काच उघडायला हवी. १९७० च्या दशकात अशा सरकत्या काचा सर्रास दिसू लागल्या. ज्यांच्याकडे कॅम्पर नव्हता त्यांनाही त्या आवडल्या, कारण पिकअपमध्ये एसी तेव्हा चैनीची वस्तू होती.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. नदीच्या पुरात पुलाचा खांब बघा. पाणी दोन्ही बाजूंनी वेगाने पुढे जातं, पण खांबाच्या लगेच मागे ते गरगर फिरतं आणि काड्या-पाचोळा तिथेच उलट येऊन खांबाला चिकटतो. चालत्या पिकअपच्या केबिनमागे हवेचं तेच होतं. टपावरून गेलेली हवा हौद्यात वळते आणि तळाशी उलटी, म्हणजे केबिनच्या दिशेने, येते. त्याच वेळी बाजूच्या खिडक्या थोड्या उघड्या असतील तर बाहेरून वेगाने जाणारी हवा आतली हवा ओढून घेते. ती भरपाई कुठून होणार? मागच्या खिडकीतून. कच्च्या रस्त्यावर आधी धूळ मागूनच आत येते, ती याचमुळे.

पण धुळीबरोबर आणखीही काही येतं. गाडीच्या मागेही असाच भोवरा असतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच सुटतो. म्हणून मागची खिडकी उघडी ठेवून गाडी चालवू नका, चालवावीच लागली तर बाहेरची हवा घेणारा पंखा जोरात ठेवा, अशी सूचना गाड्यांच्या माहितीपुस्तकांत असते. ते पुस्तक आपल्यापैकी किती जण उघडतात, हे मी विचारत नाही!

या धुराचा इतिहासही मजेदार आहे. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर १९७५ च्या मोटारींना धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागले. माल धरून ६,००० पौंडांपेक्षा जास्त वजनाच्या ट्रकना मात्र ते सक्तीचं नव्हतं. फोर्डने त्याच वर्षी या रेषेच्या किंचित वर बसणारा नवा पिकअप काढला. त्याचं नाव एफ-१५०! काही वर्षांत ती पळवाट बुजवली गेली, पण नाव टिकलं. १९७७ पासून फोर्डची एफ मालिका अमेरिकेतल्या पिकअपच्या खपात अग्रस्थानी राहत आली. इतक्या लाडक्या गाडीचा जन्म धुराच्या नियमाला बगल देताना झाला, हे मला फार उशिरा कळलं.

काचेच्या पलीकडे, हौद्यात, कोण बसत होतं? बहुतेक वेळा ज्यांना पुढे जागा नव्हती ते. शेतमजूर, बांधकामावरचे कामगार आणि लहान मुलं. १७ सप्टेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियात चुआलर गावाजवळ रेल्वेची धडक बसून ३२ शेतमजूर गेले. सपाट ट्रकवर आच्छादन घालून आत बाकं टाकलेली, असं त्यांचं वाहन होतं. १९७८ साली सुबारूने अमेरिकेत 'ब्रॅट' आणली, तेव्हा हौद्यात उलट्या तोंडाच्या दोन खुर्च्या बसवल्या. का? तर ती प्रवासी गाडी ठरावी आणि परदेशी ट्रकवरची २५ टक्के जकात चुकावी म्हणून. जकात वाचली, पण माणसं उघड्यावर बसली.

१९९२ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात सिएटलच्या डॉक्टरांनी २० मुलांची हकीकत छापली. सगळी मुलं पिकअपच्या मागे बसली होती. पंधरा जणांच्या डोक्यावर पक्कं छत होतं, पाच जण ताडपत्रीखाली होते. आई-वडिलांना वाटलं, ऊन-पावसापासून मुलं सुरक्षित आहेत. त्या बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइड साचत गेला. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. १७ मुलं बेशुद्ध झाली होती. एक दगावलं, एकाच्या मेंदूला कायमची इजा झाली. मूल झोपलं आहे, असंच पुढच्या माणसाला वाटणार.

ही हकीकत वाचल्यापासून मी एक गोष्ट ठरवली आहे आणि ती इथे सांगायला संकोच करत नाही. आपला बाप्पा पिकअपमधून येतो, विसर्जनालाही पिकअपमधूनच जातो. ढोल-ताशे घेऊन मुलं हौद्यात चढतात, चालवणारा मागची काच सरकवून आरतीला सूर लावतो. मिरवणूक चालीच्या वेगाने असते तोवर ठीक. टेक्सासच्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांना उघड्या हौद्यात नेण्यास बंदी आहे, आणि मिरवणूक हा त्यातला अपवाद आहे. परतीचा प्रवास हा अपवाद नाही! परतताना मुलं सीटवर, पट्टे लावून. छत असलेल्या हौद्यात तर कोणीही नको. गाडी उभी असताना इंजिन बंद, आणि मागची काच उघडली तर पुढच्या झडपांतून ताजी हवाही चालू. एवढं पाळलं तर बाप्पाही निर्धास्त.

नव्या गाड्यांचा धूर खूपच कमी विषारी झाला आहे, पण तो शून्य नाही आणि गळक्या सायलेन्सरला साल विचारायचं नसतं. २०२१-२२ मध्ये रिव्हियन आणि फोर्डचे विजेवर चालणारे पिकअप रस्त्यावर आले, त्यांना सायलेन्सरच नव्हता. माझ्या नातीने अशा एका पिकअपची मागची काच बटण दाबून उघडली, तेव्हा आत आली ती निव्वळ हवा आणि थोडी टेक्सासची धूळ. धुळीला मात्र अजून कोणी औषध काढलेलं नाही.