सहा काड्या आणि कार्बनचा आकार

१/६
१९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतील अभियंते अरविंद गुप्ता वर्षभराची रजा घेऊन होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तेथे काड्यापेटीतील काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून त्यांनी भूमितीचे आकार घडवले. असा चौकोन दाबला की तिरपा होतो. सहा काड्यांचा चतुष्फलक मात्र ढळत नाही. रसायनशास्त्राच्या इतिहासात या आकाराला मोठे स्थान आहे.

२/६
१८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात ऑगस्ट हॉफमन यांनी क्रोके या खेळातील चेंडू दांड्यांनी जोडून रेणू दाखवले. काळा कार्बन, पांढरा हायड्रोजन, लाल ऑक्सिजन हा त्यांचा रंगसंकेत आजही रूढ आहे. मात्र त्यांच्या कार्बनचे चारही हात एकाच पातळीत होते.

३/६
या सपाट रचनेत एक अडचण दडलेली होती. कार्बनला दोन हायड्रोजन आणि दोन क्लोरीन जोडले, तर क्लोरीन शेजारी-शेजारी तरी बसतील किंवा समोरासमोर. म्हणजे दोन निराळे पदार्थ मिळायला हवेत. प्रत्यक्षात डायक्लोरोमिथेन एकच आहे.

४/६
१८७४ मध्ये २२ वर्षांच्या व्हान्ट हॉफ यांनी कार्बन चतुष्फलकाच्या मध्यभागी असल्याचे मांडले. फ्रान्समध्ये ल बेल हेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाला आले. काड्यांचा चतुष्फलक हाती घेतला की या कल्पनेचे बळ कळते. त्याचे कोणतेही दोन कोपरे निवडले, तरी त्यांना जोडणारी एक काडी असतेच. सगळेच कोपरे एकमेकांचे शेजारी, म्हणून पदार्थही एकच!

५/६
व्हान्ट हॉफ यांनी पुठ्ठ्याचे चतुष्फलक करून इतर रसायनशास्त्रज्ञांना पाठवले. १८७७ मध्ये ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ हेर्मान कोल्बे यांनी पशुवैद्यक शाळेतील या तरुण शिक्षकाची कल्पनाविलास म्हणून जाहीर टवाळी केली. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक व्हान्ट हॉफ यांना मिळाले, ते मात्र वेगळ्या संशोधनासाठी. तोवर चतुष्फलकी कार्बन रसायनशास्त्राचा पाया ठरला होता.

६/६
प्रतिकृती म्हणजे सिद्ध झालेल्या ज्ञानाची केवळ सजावट नव्हे. कागदावर खपून जाणारी चूक ती हाताला जाणवून देते. पुढे पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्ता यांनी अशी स्वस्त साधने असंख्य मुलांपर्यंत पोहोचवली. मिठबावसारख्या किनाऱ्यावरच्या गावात महागडा रेणूसंच मिळणे कठीण. पण कार्बनचा आकार पडताळून पाहायला सहा काड्या आणि नळीचे चार सांधे पुरेसे आहेत.