उमरठचे लग्न आणि सिंहगडाच्या आवृत्त्या

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठ गावी तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. लढाई झाली ती घाटमाथ्यापलीकडे, सिंहगडावर. देह मात्र इकडे कोकणात आणला गेला, आणि ज्या वाटेने तो आणला तिला मढे घाट हे नाव त्यावरूनच पडले, असे लोक सांगतात. शिवजयंती जवळ आली की याच मुलखातल्या तरुणांच्या मोबाईलवर तानाजी पुन्हा एकदा गड चढू लागतो. चढाईचे दृश्य एका चित्रपटातले, आवाज दुसऱ्याच कुठल्या पोवाड्याचा, खाली मंडळाचे नाव आणि भगव्या रंगाची झाक. तीस सेकंदांत कथा संपते.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रकार सहसा रुचत नाही. पण प्रेक्षकाने आवडती कथा आपल्या हाताने कापून पुन्हा जोडणे ही संगणकाने लावलेली सवय आहे, असे म्हणता येईल का? अमेरिकेत २००१ च्या सुमारास 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या एका चित्रपटाची 'द फँटम एडिट' ही चाहत्याने कापलेली आवृत्ती हातोहात पसरली. नावडते पात्र तिच्यात जमेल तितके कमी केले होते. साधन नवे होते. वृत्ती मात्र आपल्याकडे फार जुनी आहे. सिंहगडाची कथा हा तिचा पुरावा.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची हकीकत सभासदाच्या बखरीत थोडक्यात येते. सतराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे घटनेनंतर पाव शतकाने, लिहिलेली ही बखर आहे. तीत मावळे वानरांसारखे कडा चढतात, तानाजी आणि उदयभान एकमेकांच्या वारांनी पडतात, आणि सूर्याजी लोकांना सावरून गड घेतो. या वर्णनात घोरपड नाही, शेलारमामा नाही, रायबाचे लग्नही नाही. एक गड मिळाला पण दुसरा गेला, अशा अर्थाचा शोक तिथे आहे. 'सिंह' हा शब्द त्यात नाही. शिवाय 'सिंहगड' हे नाव १६६३ च्या पत्रात आढळते, म्हणजे तानाजीच्या मृत्यूमुळे ते पडले ही समजूतही पुढचीच.

मग हे सारे आले कुठून? बरेचसे शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, त्याआधी तो तोंडोतोंडीच चालत आला होता. त्यात जिजाबाई सोंगट्यांच्या डावात गड मागून घेतात, यशवंती घोरपड कड्याला चिकटते, आणि उदयभानाला ऐंशी वर्षांचा मामा मारतो. पुढे हरि नारायण आपट्यांनी कादंबरीत कमलकुमारी आणली. त्या कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' हा मूकपट काढला. त्यात शेलारमामा झाले होते तरुण शांताराम. १० जानेवारी २०२० रोजी ओम राऊतांचा 'तान्हाजी' आला, त्याने गडावर एक अजस्र तोफ चढवली. २०२३ मध्ये दिग्पाल लांजेकरांनी 'सुभेदार' मधून पुन्हा तीच रात्र सांगितली. प्रत्येकाने आधीच्यातले काही ठेवले, काही गाळले, काही स्वतःचे जोडले.

या भरींना खोटे म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण लग्नाचा प्रसंगच घ्या. बखरकाराचे लक्ष गडावर आणि राजावर आहे. गड घ्यायला गेलेल्या माणसाच्या घरी त्या दिवशी काय चालले होते, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पोवाड्याने उमरठ कथेत आणले. मुलाच्या लग्नाची तयारी, आमंत्रण घेऊन निघालेला बाप, आणि ते लग्न मागे ठेवून परतणे. हे असेच घडले याला कागदाचा आधार नसेल. पण स्वराज्याची किंमत कुणाच्या अंगणातून वसूल झाली, हे त्यातून कळते. मिथक वस्तुस्थितीत भर घालते ती अशा जागी, जिथे दप्तर गप्प असते.

मात्र प्रत्येक कापाकापीला हे श्रेय देता येणार नाही. 'तान्हाजी' प्रदर्शित होऊन पंधरवडाही झाला नव्हता, तोच दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर त्याच चित्रपटाची एक चित्रफीत पसरली. तीत शिवाजी महाराजांच्या जागी नरेंद्र मोदी, तानाजीच्या जागी अमित शहा आणि उदयभानाच्या जागी अरविंद केजरीवाल यांचे चेहरे चिकटवले होते. महाराष्ट्रात संताप उसळला. भाजपने आपला तिच्याशी संबंध नसल्याचे सांगितले. राग मुख्यतः महाराजांच्या अवमानाचा होता, आणि तो समजण्यासारखा आहे. मला त्यात आणखी एक उणीव दिसते. या आवृत्तीत नवे कुणीच आले नाही. मावळे, मामा, उमरठचे घर सारे नाहीसे होऊन उरले ते तीन चेहरे आणि तलवारी. पोवाड्याने कथेत माणसे वाढवली होती. इथे ती कमी झाली.

दुसरा फरक नाममुद्रेचा. शाहीर कवनात आपले नाव गुंफतो. ही रचना माझी आहे, हे श्रोत्यांसमोर उभा राहून सांगतो. कादंबरीवर लेखकाचे नाव असते, चित्रपटावर दिग्दर्शकाचे. जोड कुणी दिला हे ठाऊक असले म्हणजे सांधा दिसतो, आणि सांधा दिसला की श्रद्धा व शंका दोन्ही शाबूत ठेवता येतात. मोबाईलवरच्या तीस सेकंदांना बहुधा कर्ता नसतो. ती थेट इतिहास म्हणून पुढे जातात, आणि शाळेतले पोर सभासद किंवा तुळशीदास वाचण्याआधी त्यांवर विश्वास ठेवून मोकळे होते.

म्हणून तरुणांच्या हातून कात्री काढून घ्यावी असे मी म्हणणार नाही. ती काढून घेतली असती तर आपल्याला घोरपडही मिळाली नसती आणि रायबाचे लग्नही. उमरठच्या मुलाने आपल्या तानाजीची आवृत्ती जरूर करावी. तिच्याखाली आपले नाव घालावे, आणि लग्नघर मात्र कापू नये.