हे गाणे कुणाचे?

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या उर्दू शाळेत शिकवत होतो, तिथल्या स्नेहसंमेलनाची ही गोष्ट. सातवीतल्या एका मुलीने 'आप जैसा कोई' हे गाणे बसवले होते. तिच्या नानीच्या आवडीचे गाणे, घरातल्या जुन्या कॅसेटवरून शिकलेले. नाच नव्हता, नुसते गाणे. तालमीला आलेल्या एका बुजुर्ग पाहुण्यांनी ते मध्येच थांबवले. म्हणाले, "ये डिस्को-विस्को हमारी चीज़ नहीं है." यादीतून गाणे गेले आणि त्या जागी दुसरे आले. मुलगी रडली नाही. जाताना तिने आम्हाला एवढेच विचारले, "सर, हमारा नहीं तो फिर ये गाना किसका है?"

आम्ही गप्प बसलो. पाहुण्यांपुढे बोलायचा संकोच होता हे खरे, पण उत्तर ठाऊक नव्हते हे त्याहून खरे. इतिहास शिकवणाऱ्याला ही गोष्ट लागून राहते. पुढे जमेल तसे वाचत गेलो, ऐकत गेलो. ते उत्तर आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

डिस्को हे नाव आपल्याकडे चैनीचे, उच्छृंखलपणाचे नाव झाले आहे. चमचमते कपडे, फिरते दिवे, श्रीमंतांची पोरे. पण या संगीताच्या घराण्याचा शोध घेत मागे गेलो, तर आपण एखाद्या महालात पोहोचत नाही. कापसाच्या शेतात पोहोचतो. पश्चिम आफ्रिकेतून साखळदंडात बांधून नेलेली माणसे अमेरिकेच्या दक्षिणेत कापूस वेचत होती. त्यांची भाषा गेली, नाव गेले, मुलेबाळे विकली गेली. उरला तो गळा. या गुलामांत मुसलमानही होते. आजच्या सेनेगलमधील फुता तोरो या मुलखातला उमर इब्न सईद हा आलिम १८०७ मध्ये गुलाम म्हणून अमेरिकेत आणला गेला. १८३१ मध्ये त्याने आपले आत्मचरित्र अरबीत लिहिले. ते आजही उपलब्ध आहे. सिल्वियान दियूफ या इतिहासकार बाईंनी शेतमजुरांच्या एकट्या, लांबवलेल्या हाकेची तुलना अजानच्या स्वराशी केली आहे. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. तरी तो ऐकताना मन थबकते.

या माणसांना चर्च मिळाले आणि त्यांनी चर्चला आपला आवाज दिला. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची, टाळ्यांचा ठेका धरायचा. तीच ओळ पुन्हा पुन्हा घोळवत जायचे, लय वाढवत न्यायची, शेवटी गाणारा आणि ऐकणारा हा भेद उरत नाही. वाचकहो, हे वर्णन कशाचे वाटते? आपल्यापैकी ज्यांनी नागपूरच्या ताजबागेत उर्सला रात्र काढली आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. गॉस्पेल आणि कव्वाली यांचा एकमेकींशी संबंध आलेला नाही. पण दोघींची रीत बहिणी-बहिणींसारखी आहे.

पुढे एक धाडस घडले. १९५४ मध्ये रे चार्ल्स या अंध गायकाने एका भक्तिगीताचा साज घेतला आणि त्यावर प्रेयसीचे गाणे बसवले. 'आय गॉट अ वुमन' हे ते गाणे. चर्चमधली मंडळी संतापली. देवाचे गाणे याने बाजारात आणले, असे म्हटले गेले. १९५७ मध्ये सॅम कुक हा भक्तिगीतांचा लाडका गायक त्याच वाटेने बाहेर पडला. या नव्या गाण्याला पुढे 'सोल' म्हणू लागले. सोल म्हणजे रूह. अरेथा फ्रँकलिन ही डेट्रॉइटच्या एका पाद्र्याची मुलगी. १९६७ मध्ये तिने ओटिस रेडिंगचे 'रिस्पेक्ट' हे गाणे आपल्या पद्धतीने गायले. घरी परतलेल्या पुरुषाने बायकोकडे मागितलेला मान तिच्या तोंडी आला, तेव्हा तो बाईने मागितलेला मान झाला, काळ्या माणसाने मागितलेला मान झाला. हीच अरेथा १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये पुन्हा भक्तिगीते गायला उभी राहिली. तिला दोन्हींत विरोध दिसला नाही.

सोलचे दोन मोठे कारखाने होते. मेम्फिस शहरातील स्टॅक्स कंपनीचा आवाज खरबरीत, दक्षिणी मातीचा. डेट्रॉइटची मोटाउन कंपनी १९५९ मध्ये बेरी गॉर्डी याने घरच्यांकडून आठशे डॉलर उसने घेऊन काढली. तो आधी मोटारींच्या कारखान्यात कामगार होता. गाडी जशी एका हातातून दुसऱ्या हाती जात तयार होते, तसे त्याने गाणे घडवले. लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, शेवटी गाणारे. तिथला माल गुळगुळीत आणि गोड. गोऱ्या घरांतही तो सहज शिरला.

१९६५ च्या सुमारास जेम्स ब्राऊनने या संगीताची हाडेच बदलली. चालीपेक्षा ठेका मोठा झाला. गिटार, कर्णे, गळा, सगळ्यांनी जणू ढोलासारखे वाजायचे आणि सगळा भार पहिल्या मात्रेवर टाकायचा. तबलजी समेवर येतो तसे हे वादक दर वेळी पहिल्या मात्रेवर येऊन आदळत. हा 'फंक'. १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच वर्षी, ब्राऊनने आपण काळे असल्याचा अभिमान मोठ्याने सांगणारे गाणे काढले आणि त्यात मुलांकडून साद घेतली. फंक वाजवणारा दुसरा गाजलेला ताफा 'कूल अँड द गँग'. त्यातले बेल बंधू इस्लाम स्वीकारलेले. १९८० मधले त्यांचे 'सेलिब्रेशन' हे गाणे आजही लग्नकार्यात वाजते. आदमच्या निर्मितीचा कुरआनातील प्रसंग वाचताना ते सुचले, असे रोनाल्ड बेल उर्फ खालिस बय्यान यांनी सांगून ठेवले आहे. हे आम्ही वाचले, तेव्हा ते पाहुणे आठवले.

मग डिस्को आले. फिलाडेल्फियाच्या सोल संगीतातले व्हायोलिनांचे मऊ पडदे, फंकचा बास गिटार, आणि खाली चार सारखे, ठाम ठोके. ना कमी ना जास्त, मिनिटाला साधारण ११० ते १३०. सत्तरच्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमधल्या लहान नाचघरांत ते वाढले. तिथे येत ते काळे, लॅटिन अमेरिकन, समलिंगी, म्हणजे ज्यांना इतर दारे बंद होती असे लोक. वादकांचा ताफा परवडत नव्हता म्हणून तबकड्या वाजवणारा माणूस महत्त्वाचा झाला. गाणे लांबवता यावे म्हणून बारा इंची तबकडी निघाली. १९७७ मध्ये 'सॅटर्डे नाइट फीव्हर' हा चित्रपट आला आणि हेच संगीत गोऱ्या मध्यमवर्गाचे, पैशाचे आणि फॅशनचे झाले. आपल्याकडे डिस्कोची जी ओळख पोहोचली ती इथून पुढची. मागचे पान फाटलेले होते.

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या एका बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटाने उडवण्यात आला. तबकडी आणणाऱ्याला तिकीट ९८ सेंटला होते. हजारो लोक मैदानात घुसले आणि पुढचा सामना रद्द झाला. तिथे काम करणाऱ्या व्हिन्स लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाने नंतर सांगितले की लोकांनी आणलेल्या कितीतरी तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच, त्या फक्त काळ्या गायकांच्या होत्या. ही चीज आपली नाही, असे तिथेही कुणीतरी म्हणतच होते.

अमेरिकेत ही होळी झाली आणि वर्षही पुरते भरले नाही तोच, जून १९८० मध्ये, मुंबईत 'कुर्बानी' प्रदर्शित झाला.

मुंबईची जमीन त्याआधीच नांगरलेली होती. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला जॅझचा ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून आणखी आले. त्यांच्याकडून गोव्याचे ख्रिस्ती वादक शिकले आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदात बसले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला'मध्ये गोव्याच्या चिक चॉकलेटचा ताफा थेट पडद्यावर आणला, आणि त्या तालावर नाचले भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा. म्हणजे काळ्या अमेरिकेचा ठेका आपल्या कानात बसून तोवर पिढी उलटली होती. त्यात आपल्या केहरव्याच्या आठ मात्रांवर हे चार ठोके अलगद बसतात. ढोलकीवाल्याला ते परके वाटण्याचे कारणच नव्हते.

'कुर्बानी'चे बाकी संगीत कल्याणजी-आनंदजींचे. पण फिरोज खान यांनी एक गाणे लंडनला करून घेतले. संगीत बिड्डू यांचे. बिड्डू बंगळूरचे, १९६७ मध्ये इंग्लंडला गेलेले. १९७४ मध्ये त्यांनी कार्ल डग्लस या जमैकन गायकाकडून 'कुंग फू फायटिंग' गाऊन घेतले होते आणि ते ब्रिटन-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले होते. शब्द इंदीवर यांचे. गळा नाझिया हसन या कराचीत जन्मलेल्या, लंडनमध्ये शाळेत जाणाऱ्या मुलीचा. १९८१ मध्ये तिला या गाण्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. आमच्या त्या सातवीतल्या मुलीहून दोन-तीन वर्षांनीच मोठी. त्याच वर्षी भाऊ जोहेबसह तिचा 'डिस्को दीवाने' आला. चित्रपटाच्या आधाराशिवाय गाणे घरोघर जाऊ शकते हे त्याने दाखवले. पुढे नाझियाने कायद्याचे शिक्षण घेतले, संयुक्त राष्ट्रसंघात काम केले, आणि १३ ऑगस्ट २००० रोजी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कर्करोगाने ती गेली.

डिसेंबर १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर' आला. संगीत बप्पी लाहिरींचे, गीते अंजान आणि फारूक कैसर यांची. पण हा चित्रपट लिहिला कुणी? 'आधा गाव' ही कादंबरी लिहिणाऱ्या डॉ. राही मासूम रझा यांनी. आमच्या साहित्यिक मंडळींनी ही गोष्ट कधी अभिमानाने सांगितल्याचे आम्ही ऐकले नाही. कथा मुंबईच्या रस्त्यावर गाणाऱ्या गरीब पोराची. श्रीमंत माणूस त्याच्या आईवर चोरीचा आळ घेतो, आणि पोरगा तो अपमान गाण्याने फेडतो. १९८२ हे गिरणी संपाचेही वर्ष. ज्या शहरात अडीच लाख कामगारांचे माग थांबले होते, त्याच शहरातून हा ठेका बाहेर पडला आणि सोव्हिएत संघातही कोट्यवधी प्रेक्षकांनी तो पाहिला. चाली उसन्या घेतल्या गेल्या हेही नोंदवले पाहिजे. 'जिमी जिमी'ची चाल फ्रान्सच्या ओटावान या जोडीच्या गाण्यावरून आली. चाल आली, ठेका आला, पण ज्यांनी तो घडवला त्यांची नावे बोटीतून उतरलीच नाहीत. अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा मराठी साहित्याने हे नाते ओळखले. गाण्यातले नाते ओळखायचे मात्र राहून गेले.

आणि कव्वालीचे काय झाले? तीही दर्ग्याच्या उंबऱ्यावर थांबली नाही. १९५८ मध्ये 'अल हिलाल' चित्रपटात इस्माईल आझाद गायले, १९७४ मध्ये 'फाइव्ह रायफल्स'मध्ये अझीझ नाझाँ गायले, आणि ती घराघरांतल्या रेडिओवर पोहोचली. आमच्या विदर्भात तर तिने आणखी मोठे काम केले. भीमजयंतीच्या मंडपात कव्वालीचा मुकाबला लागतो, हार्मोनियम तीच, टाळी तीच, आणि गाणे बाबासाहेबांचे, माणुसकीच्या हक्काचे. तिथे कुणी म्हणत नाही की ही चीज आमची नाही. रे चार्ल्सने केले ते याहून फार वेगळे नव्हते.

आम्ही असे म्हणत नाही की प्रत्येक गाणे प्रत्येक ठिकाणी शोभते. नमाजच्या वेळी मशिदीसमोर कर्णे लावणे गैरच आहे, आणि सवंग गाणी सवंगच असतात. निवड करावी. पण निवड करणे वेगळे आणि एखाद्या गोष्टीला बेवारस ठरवणे वेगळे.

आता आम्ही मोहाडीत राहतो. लग्नाच्या दिवसांत भंडारा-तुमसर रस्त्यावरून संध्याकाळी धुमाल पार्टी जाते. गाडीवर बांधलेले ढोल, कीबोर्ड, कर्णे. वरात कुणाचीही असो, खाली तेच चार ठोके. ते ऐकले की आम्हाला शेतातली ती एकटी हाक आठवते, अरेथाचे चर्च, शिकागोचे मैदान, आणि शेवटी ती मुलगी. ती आता कुठे शिकते आम्हाला माहीत नाही. तिला द्यायचे उत्तर एवढेच होते: बेटा, ज्यांचे सगळे हिरावले गेले त्यांचे हे गाणे आहे. त्यांनी ते कुणाला नाकारले नाही. म्हणून तुझेही आहे.

यंदाच्या संमेलनाची यादी करायचे काम आमच्याकडे आले आहे. तिसऱ्या क्रमांकावर एक जागा आम्ही अजून भरलेली नाही. आधी मुलींना विचारणार आहोत.