दाद न मिळणारे हार्मोन

रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी माणसाच्या गळ्यात असतात, हे उप्सालाच्या इवार सांदस्त्रोम यांनी १८८० साली दाखवले. त्याआधी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्यात रिचर्ड ओवेन यांना ही ग्रंथी आढळली होती. ग्रंथी निकामी झाल्या की कॅल्शियम घसरते, बोटे आखडतात, झटके येतात आणि डोळ्यांत मोतीबिंदू धरतो, एवढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांना ठाऊक होते.

१९४२ साली बोस्टनच्या फुलर ऑल्ब्राइट यांनी सहकाऱ्यांसह असे तीन रुग्ण नोंदवले. त्यांना ग्रंथीचा अर्क टोचला. एरवी अशा वेळी लघवीतून फॉस्फेट भराभर बाहेर पडते. इथे फारसा फरक पडला नाही. ग्रंथीच्या हार्मोनची उणीव नव्हतीच, शरीरच त्याला दाद देत नव्हते. हार्मोनचा आजार म्हणजे हार्मोन कमी किंवा जास्त, असे मानण्याच्या त्या काळात हा विचार फार मोठा होता. आजाराला स्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम हे नाव मिळाले. अनेक रुग्ण बुटके, गोल चेहऱ्याचे. मूठ वळली की चौथ्या-पाचव्या बोटांच्या पेरांच्या जागी खळगा पडतो.

या आजारामागचे सदोष जीनएएस जनुक १९९० साली हाती लागले. ते आईकडून आले तरच हार्मोनला विरोध होतो. वडिलांकडून आल्यास सहसा नुसती तीच बुटकी, गोल चेहऱ्याची ठेवण येते.

या रुग्णांच्या मेंदूतल्या, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या बेसल गँग्लियात कॅल्शियमचे थर साचतात. क्ष-किरणांत ते क्वचितच दिसत. १९७० च्या दशकात सीटी स्कॅन आल्यावर ते सहज सापडू लागले. थर दिसले तरी त्रास असेलच असे नाही. काहींच्या हालचाली मात्र मंदावतात किंवा हातपाय आपोआप हलतात. डोळ्यात भिंगाच्या आवरणाखाली बारीक ठिपके जमून तरुणपणीच दोन्हीकडे मोतीबिंदू होतो. कधी मेंदूतला दाब वाढून दृष्टिचेता सुजते आणि गाठीचा संशय येतो.

सर्वांत जास्त नुकसान चुकलेल्या निदानाने होते. झटक्यांना अपस्मार समजून वर्षानुवर्षे फेनिटॉइन दिले जाते, आणि ते औषध ड जीवनसत्त्व घटवून कॅल्शियम आणखी खाली आणते. प्रत्येक नव्या झटक्याच्या रुग्णाचे कॅल्शियम तपासलेच पाहिजे. कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप) सुरू केल्यावर झटके बहुधा थांबतात, चेतेची सूजही उतरते. मोतीबिंदूला शस्त्रक्रियाच लागते. मेंदूतले थर राहतात.