पुण्यातील संशोधनपरंपरा

पुणे शहर व परिसरातील मानव्यविद्या, कायदा आणि विज्ञान यांच्या अभ्याससंस्थांनी, साधारणतः १८६६ पासून आजपर्यंत, उभारलेली संशोधनाची परंपरा. विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. बहुतेक जुन्या संस्था तिच्याआधीच्या असून खाजगी मंडळे, संस्थानिकांच्या देणग्या आणि सरकारी अनुदान यांवर उभ्या राहिल्या. विषय निरनिराळे असले तरी या संस्थांच्या कामाची एक समान पद्धत दिसते : आधी साधने गोळा करणे, ती पडताळणे, आणि निष्कर्षाची घाई न करणे. प्रस्तुत नोंदीत हस्तलिखितांवरील कामाला अधिक जागा दिली आहे, कारण या कामाची लेखी नोंद सर्वांत चांगली उपलब्ध आहे.

हस्तलिखिते : मुंबई सरकारने १८६६ मध्ये संस्कृत हस्तलिखितांचा शोध व खरेदी सुरू केली. गेओर्ग ब्यूलर, फ्रान्झ कीलहॉर्न, पीटर पीटरसन, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, का. बा. पाठक आदींनी हे काम केले. काश्मीर, राजस्थान, गुजरात व दख्खन येथून आलेल्या पोथ्या प्रथम मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात व नंतर डेक्कन कॉलेजात होत्या. भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली आणि पुढील वर्षी सरकारी संग्रह तेथे हलवण्यात आला. नंतरच्या भरीसह संस्थेत आज सु. २८,००० हस्तलिखिते आहेत. त्यांतील ऋग्वेदाच्या ३० पोथ्यांचा समावेश २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटात झाला. संस्थेचे पोथीपाल परशुराम कृष्ण गोडे यांनी चार दशके याच संग्रहाच्या आधारे जिलबी, तंबाखू, शोभेची दारू अशा विषयांवर चारशेहून अधिक लेख लिहिले. प्राच्यविद्येत असल्या विषयांना तेव्हा फारशी प्रतिष्ठा नव्हती. आज आहाराचा वा करमणुकीचा इतिहास लिहिणाऱ्यांना मात्र गोडे टाळता येत नाहीत.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती : अशा आवृत्तीची, म्हणजे अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेल्या संहितेची, मागणी मॉरिट्स विंटरनित्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील प्राच्यविद्या परिषदांत केली होती. हाइन्रिख ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये नमुन्यादाखल काही मजकूरही छापला; पहिल्या महायुद्धाने ती योजना मोडली. पुण्यात १ एप्रिल १९१९ रोजी भांडारकरांच्या हस्ते कार्यारंभ झाला. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे आश्वासन दिले होते.

कामाला शिस्त आली ती १९२५ मध्ये विष्णू सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाल्यावर. सुखटणकर केंब्रिजला गणित शिकून मग बर्लिनला ल्यूडर्स यांच्याकडे संस्कृतकडे वळलेले. तुलनापत्रावर श्लोकाचे एकेक अक्षर चौकटीत मांडायचे आणि खाली प्रत्येक पोथीतील भिन्न अक्षर तेवढेच नोंदवायचे, अशी पाठतुलनेची रीत होती. पुण्याखेरीज शांतिनिकेतन व तंजावर येथेही ही तुलना चाले. पोथ्यांचे उत्तरेकडील व दक्षिणेकडील असे गट पाडून शारदा लिपीतील (काश्मीरच्या) पोथ्यांना सुखटणकरांनी विशेष वजन दिले. दूरच्या दोन परंपरांत एकच पाठ आढळला, तर तो जुना मानायचा. सोपा पाठ आणि अवघड पाठ यांत अवघड पाठाकडे झुकायचे, कारण लेखनिक सहसा अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड करीत नाही. गणपतीने व्यासांचा लेखनिक होण्याची सर्वपरिचित कथा या कसोटीवर टिकली नाही आणि परिशिष्टात गेली. आदिपर्व प्रसिद्ध झाल्यानंतर नेपाळहून एक जुनी पोथी मिळाली. सुखटणकरांनी पारखून घेतलेले अनेक पाठ तिच्यात जसेच्या तसे सापडले.

सुखटणकर १९४३ मध्ये वारले. त्यांच्यामागे श्रीपाद कृष्ण बेलवलकर व परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम पुढे नेले. १,२५९ पोथ्या विचारात घेऊन ८९,००० हून अधिक श्लोकांची ही आवृत्ती १९ खंडांत पूर्ण झाली. तिच्या पूर्ततेची घोषणा २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी केली. सिद्ध झालेली संहिता कोणत्याही एका पोथीत जशीच्या तशी नाही, यावर आक्षेप घेतले गेले. सिल्व्हँ लेव्ही यांचे मत प्रचलित संहिता छापून खाली पाठभेद द्यावेत असे होते. हा वाद अद्याप मिटलेला नाही. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ (१९६७) याच आवृत्तीच्या आधाराने लिहिले गेले.

५ जानेवारी २००४ रोजी जमावाने भांडारकर संस्थेवर हल्ला केला. त्यात ग्रंथ, पोथ्या व इतर वस्तूंची हानी झाली. त्यामागील वादाचा परामर्श येथे घेतलेला नाही.

कोश आणि उत्खनन : डेक्कन कॉलेजचे मूळ १८२१ मध्ये दक्षिणा निधीतून निघालेल्या पाठशाळेत आहे. सरकारने १९३४ मध्ये बंद केलेले हे महाविद्यालय माजी विद्यार्थ्यांच्या प्रयत्नांनी १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. पहिल्या अध्यापकांत ह. धी. सांकलिया, इरावती कर्वे, सु. मं. कत्रे व त्र्यं. शं. शेजवलकर होते. कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशाचे काम हाती घेतले. ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतच्या सु. १,५०० ग्रंथांतून शब्दप्रयोग उतरवलेल्या चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात आहे. पहिला भाग अ. मा. घाटगे यांच्या संपादकत्वाखाली १९७६ मध्ये निघाला. पस्तीस भाग प्रसिद्ध होऊनही कोश ‘अ’ या अक्षरातच आहे. त्याच्या गतीची थट्टा करणाऱ्यांनी एकदा त्या चिठ्ठ्यांची कपाटे पाहावीत.

सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांनी घोड नदीकाठच्या इनामगाव (ता. शिरूर) येथे १९६८ ते १९८३ या काळात केलेले उत्खनन हे ताम्रपाषाणयुगीन खेड्याचे देशातील सर्वांत सखोल उत्खननांपैकी एक होय. येथे धान्याचे दाणे वनस्पतितज्ज्ञांनी, हाडे प्राणितज्ज्ञांनी व दात शारीर मानवशास्त्रज्ञांनी तपासले. म्हणजे मानव्यविद्या व विज्ञान एकाच खड्ड्यात उतरले. घरांच्या जमिनीखाली मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेले आढळले, तर प्रौढांची पावले तोडून त्यांना पुरले होते. इ. स. पू. १००० च्या सुमारास चौकोनी घरे जाऊन गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाल्याने लोक निमभटके झाले, असे ढवळीकरांचे मत. सर्वांना ते मान्य नाही.

कोसंबी : दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) कोणत्याही एका संस्थेच्या नोंदीत बसत नाहीत. व्यवसायाने गणिती, फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अध्यापन-संशोधन, राहणे पुण्यात, भांडारकर संस्थेच्या शेजारी. हाताळणीने नाणे झिजते, वजन घटते आणि नाण्यानाण्यांतील वजनाचा फरक वाढत जातो, या साध्या गोष्टीला त्यांनी संख्याशास्त्र लावले. चालू नाणी तोलून झिजेचा दर तपासला आणि तक्षशिलेच्या साठ्यातील आहत नाण्यांचा कालक्रम सुचवला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही (१९४८) त्यांचीच. घराजवळच्या टेकडीवर त्यांनी सूक्ष्म अश्मास्त्रे वेचली. त्यांच्या इतिहासविषयक निष्कर्षांबद्दल मतभिन्नता आहे. तराजूवरील कामाबद्दल ती कमी आहे.

कायदा : इंडियन लॉ सोसायटी (१९२३) व तिचे विधी महाविद्यालय (१९२४). पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे हे मिताक्षरादी धर्मशास्त्रग्रंथांचे संपादक-भाषांतरकार होते, म्हणून येथेही वाट पोथ्यांतूनच गेली. या क्षेत्रातील सर्वांत मोठा ग्रंथ लिहिला तो मुंबईतील एका वकिलाने : पांडुरंग वामन काणे. ‘व्यवहारमयूखा’च्या आवृत्तीला जोडायची प्रस्तावना म्हणून सुरू झालेला त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत, सहा हजारांहून अधिक पृष्ठांत भांडारकर संस्थेने छापला. पहिला खंड निघाला तेव्हा काणे पन्नाशीचे होते, शेवटच्या वेळी ब्याऐंशीचे. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. आधुनिक संविधानविषयक अभ्यासात स. प. साठे यांचे न्यायालयीन सक्रियतेवरील लेखन उल्लेखनीय.

अर्थशास्त्र : गोखले अर्थशास्त्र संस्था (१९३०, पहिले संचालक ध. रा. गाडगीळ). वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्यरेषा रोजच्या २,२५० उष्मांकांच्या आहारखर्चावरून मांडली.

विज्ञान : हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ मध्ये स्थापिलेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. गहू, सोयाबीन व द्राक्षाचे वाण ही तिची शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलेली ओळख. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये पाषाण येथे सुरू झाली. विषाणू संशोधन केंद्र (१९५२, रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) येथील संशोधकांनी १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलतापाचा विषाणू ओळखला. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये आयुका ही खगोलविज्ञानाची आंतरविद्यापीठीय संस्था उभारली. नारायणगावजवळील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय मीटरतरंग दुर्बीण झाली.

प्रकाशनाची भाषा : वर उल्लेखिलेले बहुतेक संशोधन इंग्रजीत प्रसिद्ध झाले आणि त्याचे मराठीत सुटसुटीत सार फारच थोड्यांनी केले, हा या परंपरेचा मोठा दोष मानला पाहिजे. वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ हा ठळक अपवाद. त्याचे त्रैमासिक मुख्यतः मराठीत निघते.