नगरची पंगत

नाशिकजवळच्या जलालपूर गावात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, गोखल्यांच्या घरी बाजारातून आलेली कोणतीही वस्तू धुतल्याशिवाय आत घेत नसत. मीठही त्यातून सुटत नसे. १८५७च्या धामधुमीत नाना गोखल्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर नानांच्या सोवळ्याने जो जोर धरला, तो अखेरपर्यंत. घरातल्या बायकापोरांचा निम्मा जन्म त्यांच्या विटाळाला भिण्यात गेला. त्याच घरात १८६८ साली एक मुलगी जन्मली. नाव मनकर्णिका, हाक मारायची मनू. हीच मनू पुढे अहमदनगरच्या मिशनमधल्या घरात दुष्काळाने पोरक्या केलेल्या पोरांना, त्यांची जात न विचारता, आपल्या हाताने वाढू लागली.

जलालपूर ते नगर हे अंतर फार नाही. पण मिठापासून पंगतीपर्यंतच्या या प्रवासात मराठी ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या श्रद्धेचा इतिहास सापडतो. धर्मशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा तो चुलीपाशी, दुष्काळी कामांवर आणि कीर्तनाच्या बैठकीत जास्त घडला.

अमेरिकन मराठी मिशनची माणसे मुंबईत उतरली १८१३मध्ये. नगरला ती पोचली १८३१च्या डिसेंबरात. ग्रेव्हज, हार्वे आणि रीड असे तिघे मिशनरी होते, आणि त्यांच्याबरोबर बाबाजी नावाचा एक ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ. शहरात युरोपियन रहिवाशांच्या वर्गणीतून एक अनाथगृह चाले. आंधळे, पांगळे, महारोगी, ज्यांना दारात कोणी उभे करत नव्हते अशांना तिथे धान्य मिळे. बाबाजीकडे त्या अनाथगृहाची देखरेख आली आणि नगरची पहिली ख्रिस्ती मंडळी जमली ती याच लोकांमधून. पाच-सहा महिन्यांत हार्वे पटकीने गेला. १८३३ साली त्याच रोगाने बाबाजीही गेला. त्याचे चरित्र हॉलिस रीडने १८३६मध्ये अमेरिकेत छापले. एका मराठी माणसाच्या श्रद्धेची गोष्ट न्यूयॉर्कच्या वाचकांनी वाचली, तेव्हा नगरात त्याच्या मागे उरली होती ती लुळ्यापांगळ्यांची एक लहानशी मंडळी.

पुढच्या काही वर्षांत दोन ओघ एकत्र आले. १८३९च्या सुमारास खिस्ती बंधूंसारखे ब्राह्मण तरुण बाप्तिस्मा घेऊन आले. दुसरीकडे नेवासे आणि आसपासच्या खेड्यांतून महार-मांग कुटुंबे येऊ लागली. प्रभुभोजनाला सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा मोडायचा आणि एकाच प्याल्याला ओठ लावायचे, असा नियम. कागदावर तो सोपा होता. गावाकडे परतल्यावर मात्र महार ख्रिस्ती मांग ख्रिस्त्याच्या घरचे पाणी पिताना थबके आणि ब्राह्मण ख्रिस्त्याला त्याचे सगेसोयरे दारातही उभे करत नसत. जात बाप्तिस्म्याच्या पाण्याने एका दिवसात धुऊन निघत नव्हती. जुन्या लोकांनी ती पंक्तीला बसून बसून, एकेका घासाने झिजवली.

याच नगरात सिंथिया फॅरार या अविवाहित अमेरिकन बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्या १८२७ साली मुंबईत आल्या आणि १८३९पासून १८६२मध्ये मरेपर्यंत नगरच्याच होऊन राहिल्या. नगरला नोकरीला असलेले सदाशिव बल्लाळ गोवंडे यांनी आपल्या मित्राला, जोतीराव फुल्यांना, या बाईंच्या शाळा दाखवल्या. त्यातून पुण्यात मुलींची शाळा उभी राहिली, हे सर्वांना ठाऊक आहे. नगरच्या या कहाणीत मैत्रीचे धागे असे ख्रिस्ती वस्तीच्या कुंपणाबाहेर सतत जात राहतात.

श्रद्धा घरची व्हायला भाषा घरची लागते. सुरुवातीच्या मंडळ्यांत इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी गीते गायली जात. शब्द मराठी, पण सूर परका. खेड्यातल्या माणसाला त्या चालीवर टाळी धरता येत नसे. १८६०च्या दशकात नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी त्यावर एक साधा उपाय काढला. त्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले.

त्या कीर्तनाचे रूप आजही ओळखीचे वाटेल. समोर जाजम, कडेला बायका, मागे झांज आणि मृदंग धरलेले साथीदार. बुवा उभे राहतात, आधी नमन, मग पूर्वरंगात एखादे वचन घेऊन त्याचे निरूपण, आणि उत्तररंगात आख्यान. फक्त आख्यान असते उधळ्या मुलाचे. बापाच्या जिवंतपणी वाटणी मागून घेतलेला धाकटा मुलगा परमुलखात सगळे उडवतो, दुकाळात डुकरे राखतो आणि शेवटी घराकडे वळतो. दुष्काळ आणि भाऊबंदकी दोन्ही पाठ असलेल्या नगर जिल्ह्यातल्या श्रोत्याला ही गोष्ट पॅलेस्टाइनची वाटण्याचे कारणच नव्हते. म्हातारा बाप रस्त्याकडे डोळे लावून बसला आहे, हे बुवांनी दिंडीत किंवा साकीत गायले की मागच्या रांगेतले बिगरख्रिस्ती श्रोतेही डोळे पुसत. तिकीट नाही, अट नाही. ज्याला यावे वाटे तो येई.

ही परंपरा ज्यांच्या हाती भरास आली ते नारायण वामन टिळक मुळात दापोलीकडच्या करजगावचे. जन्म १८६१चा. कवी, संस्कृतज्ञ, फटकळ आणि कमालीचा उदार माणूस. नोकरी एका जागी टिकत नसे आणि पैसा हातात टिकत नसे. १८९३मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी गप्पा झाल्या. उतरताना त्या गृहस्थाने नवा करार हातावर ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळक त्यातल्या येशूच्या गिरिप्रवचनापाशी अडकले ते तिथून पुढे हललेच नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तो गोऱ्या मिशनऱ्याकडून न घेता तुकाराम नथोजी या देशी पाळकांच्या हातून घेतला.

पोटासाठी बाटले, हा टोमणा त्या काळी ख्रिस्ती माणसाच्या पाचवीला पुजलेला होता. टिळकांच्या बाबतीत हिशेब उलटा होता. नाव, नातेवाईक, स्नेही, सगळे एका दिवसात गेले. मुख्य म्हणजे बायको गेली. मनूची लग्नानंतर लक्ष्मीबाई झालेली ही बाई तेव्हा सव्वीस वर्षांची होती, पदरात दत्तू नावाचा लहान मुलगा होता आणि नवऱ्याने धर्म सोडल्याची बातमी ऐकून तिचे भान गेले. पुढची चार-साडेचार वर्षे ती माहेरच्यांच्या आधाराने पंढरपूर-नाशिककडे राहिली. दोघांमधला दुवा म्हणजे पत्रे. तू ख्रिस्ती हो, असा आग्रह टिळकांनी धरला नाही.

ती शेवटी नगरला टिळकांकडे आली तेव्हाही दोन घरांत राहिली, असेच म्हणायला हवे. छप्पर एक, पण चूल वेगळी आणि पाण्याची घागर वेगळी. मिशनच्या आवारात, ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या गराड्यात, जलालपूरचे सोवळे लक्ष्मीबाईंनी जमेल तितके सांभाळले. मग ते आपोआप सुटत गेले. या बाईने आधी जात टाकली आणि ख्रिस्त मागाहून स्वीकारला. माणसाने केलेला भेद देवाच्या नावावर कशाला खपवायचा, हा प्रश्न तिचा तिने सोडवला, कोणत्याही प्रवचनाशिवाय. तो सुटल्यावर १९०० साली तिने दत्तूसह बाप्तिस्मा घेतला.

ते साल साधे नव्हते. १८९९चा पाऊस गेला आणि १९००मध्ये नगर जिल्हा होरपळून निघाला. चारा नाही म्हणून गुरे मेली. माणसे खडी फोडायला सरकारी दुष्काळी कामांवर गेली. पाठोपाठ पटकी आली. अमेरिकेतल्या ख्रिस्ती वाचकांनी वर्गणी काढून मका भरलेले क्विटो नावाचे जहाज मुंबईला धाडले, आणि मदतीचे वाटप ज्यांच्यावर पडले त्यांत नगरचे डॉ. रॉबर्ट ह्यूम प्रमुख होते. ह्यूम भायखळ्यात जन्मलेले, मराठी सफाईने बोलणारे, टिळकांचे जिवलग. याच वर्षांत दौंडजवळच्या केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात दुष्काळातल्या मुलींची रीघ लागली होती. आईबाप आणि बहीण दुष्काळाच्या फेऱ्यात गमावलेली ही बाई पोरक्या मुलींना परत पाठवू शकत नव्हती. पुढच्या महिन्याचे धान्य कुठून येणार ते माहीत नसतानाही नव्या मुलीला जागा करायची, हा तिथला रिवाज.

टिळकांचे घर केडगावइतके मोठे नव्हते, पण रिवाज तोच. रस्त्यावर सापडलेले पोर टिळक घरी आणत आणि लक्ष्मीबाईंच्या पुढ्यात उभे करत. पगार महिना संपायच्या आत संपलेला असे. टिळक म्हणणार, देव देईल. लक्ष्मीबाई विचारणार, देव देईल तोवर डाळीचे काय करायचे? त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त विश्वासाची अशी खणखणीत परीक्षा पानोपानी आहे. टिळकांचा भरवसा देवावर होता आणि टिळकांच्या घराचा भरवसा लक्ष्मीबाईंवर. प्लेगच्या दिवसांत त्या रुग्णांमध्ये जाऊन राहिल्या आणि त्यांची उस्तवार केली. ज्या घरी मीठ धुऊन घेत, त्या घरची लेक आता गाठी आलेल्या परक्या माणसांचे अंथरूण बदलत होती. हे सारे सांगताना त्यांचा सूर कुठेही चढत नाही. उलट आपल्याच फजितीवर हसत त्या पुढे जातात.

या घराची सर्वांत सुंदर मैत्री मात्र ख्रिस्ती नसलेल्या एका मुलाशी होती. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते कर्नल कीर्तिकर. तिथे धरणगावच्या सोळा-सतरा वर्षांच्या एका पोराने कविता म्हटल्या आणि तो ‘बालकवी’ होऊन बाहेर पडला. हा त्र्यंबक बापूजी ठोंबरे पुढे नगरला टिळकांकडे राहायला आला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वागवले, रागे भरल्या, खाऊ घातले. टिळकांनी त्याच्या कविता ऐकल्या. घर धर्मांतराच्या बाबतीत बदनाम, पाहुणा ब्राह्मण. नातेवाइकांच्या पोटात गोळा आला असेल तर नवल नाही. ठोंबरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले आणि टिळकांच्या घरचेही राहिले. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनाशी आगगाडीखाली त्यांचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस.

त्याच्या थोडे आधी, १९१७मध्ये, टिळकांनी पुन्हा एकदा घर पणाला लावले. मिशनचा पगार त्यांनी सोडला. परदेशी पैशावर चालणारी मंडळी म्हणजे भाड्याचे घर, असे त्यांना वाटू लागले होते. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्ताचे चाहते एकत्र बसावेत, ही कल्पना. वय पंचावन्न उलटलेले, प्रकृती ढासळलेली, हाती दमडी नाही. मिशनमधल्या अनेकांना हे वेड वाटले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे मानणाऱ्या माणसाला मात्र वारीसारखी ही वाट अनोळखी नव्हती. दरबार नीट भरायच्या आतच, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. ठोंबऱ्यांना जाऊन एक वर्ष आणि चार दिवस झाले होते.

टिळकांच्या मागे काय राहिले ते मोजायचे तर ‘उपासना संगीत’ उघडावे. मराठी मंडळ्यांच्या या भजनसंग्रहात त्यांच्या गीतांचा वाटा फार मोठा आहे. आता अहिल्यानगर झालेल्या शहरात आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर रविवारी भेटणारी माणसे एकमेकांना जयख्रिस्त म्हणतात आणि मग पेटी-तबल्यावर ही गीते उचलतात. चाली अभंगाच्या, ओवीच्या, साकीच्या. म्हणणाऱ्याला त्यात वेगळे काही वाटत नाही. सांगळ्यांनी जाजमावर उभे राहून जे सुरू केले, ते एवढे अंगवळणी पडले आहे.

आणखी एक गोष्ट अर्धी राहिली होती. येशूचे चरित्र ओवीबद्ध करायला टिळकांनी घेतले होते, नाव ‘ख्रिस्तायन’. पहिले काही अध्याय लिहून ते गेले. ते हस्तलिखित लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ही बाई शाळेत गेलेली नव्हती. अक्षरे नवऱ्याने शिकवलेली, शुद्धलेखन आपले आपण जमेल तसे. एकीकडे मुलाच्या आग्रहाने आठवणी लिहिणे चालू होते, दुसरीकडे ओव्या. सांसारिक बाईच्या सवयीने, हातातले काम संपवायचे म्हणून त्या बसल्या आणि त्यांनी ६४ अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आले दोन वर्षांनी. सुरुवातीचे अध्याय टिळकांचे आणि पुढचे लक्ष्मीबाईंचे, एकाच पुस्तकात, एकाच छंदात.