पाच पिनांचं घराणं

धरणगावात भंगाराच्या ढिगातून एखादा ४८६चा मदरबोर्ड हाती लागलाच, तर आधी कीबोर्डच्या गोल पोर्टाकडे पाहावं. बहुधा त्याच्या जवळच निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. पडून पडून ती पाझरते, तिच्यातला अल्कली तांब्याच्या रेषा खातो आणि पोर्टाचे पायही हिरवे पडतात. व्हिनेगरने पुसलं की घाण निघते, पण कुजलेलं पोर्ट बदलण्यावाचून इलाज नसतो. कॉम्प्युटरच्या दुकानात ते मागितलं तर यूएसबी पुढे येईल. मागावं जुन्या रेडिओ-टेपच्या कारागिराकडे, कारण हे पोर्ट मुळात कॉम्प्युटरचं नाहीच.

ते आहे जर्मन मानक संस्थेचं. तिच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘डिन’ म्हणतात. युरोपातल्या रेडिओ आणि टेपरेकॉर्डरमधून आवाज नेण्या-आणण्यासाठी ते निघालं, तेव्हा त्याला तीनच पिना होत्या. पुढे स्टिरिओसाठी आणखी दोन लागल्या. त्या जुन्या पिनांच्या मधल्या जागांत घुसवल्या, पण जुन्यांचे क्रमांक कोणी बदलले नाहीत. म्हणून आजही ओळीने मोजलं तर आकडे येतात १, ४, २, ५, ३. आयबीएमने १९८१ साली पीसीच्या कीबोर्डला हेच पोर्ट दिलं. इलेक्ट्रॉनिक वाद्यं जोडण्याच्या १९८३च्या ‘मिडी’ मानकाने तेच वाद्यांना लावलं आणि आज ते बाजारात टिकून आहे ते वादकांच्या जिवावर.

प्रिंटरच्या पोर्टाची गोष्ट तर आपल्या जुन्या बाजारात शोभावी अशी. सेंट्रॉनिक्सचा १९७०चा प्रिंटर बनत होता, तेव्हा वँग कंपनीकडे कॅल्क्युलेटरसाठी घेतलेली ३६ पिनांची २०,००० कनेक्टरं उरून पडली होती. तीच वापरली आणि पुढे त्याचंच मानक झालं! पीसीच्या बाजूला मात्र आयबीएमने कॅननचं, १९५२ सालचं, इंग्रजी डी अक्षरासारखं २५ पिनांचं पोर्ट बसवलं. सुदैवाने ४८६च्या काळातल्या ‘एटी’ पद्धतीच्या बोर्डावर अशी पोर्टं बहुधा पट्टीच्या केबलने जोडलेली असतात. सोल्डरचं काम उरतं ते बहुतेक गोल पोर्टापुरतंच.

धरणगावात किंवा जळगावात नाही मिळालं, तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच. मागताना नीट सांगावं: पाच पिनांचं, १८० अंशांचं, फिमेल, बोर्डावर आडवं बसणारं. २४० अंशांचंही पाच पिनांचंच असतं, पण त्यात कीबोर्डचा प्लग जात नाही.

बसवल्यावर लगेच कीबोर्ड जोडू नये. आधी मीटर लावावा: ४ नंबर ग्राउंड, ५ नंबरवर पाच व्होल्ट. व्होल्ट दिसत नसतील तर पोर्टाजवळचा बारीक फ्यूज तपासावा. त्याआधी पिना टेपरेकॉर्डरवाल्यांच्याच हिशोबाने मोजल्यात ना, ते पाहावं. ४ आणि ५ यांच्या मधे २ बसलेली असते.